किल्लीवाल्याचं बंद खातं

सदर इसमाचा धंदा: अडकलेली कुलपं उघडणे व हरवलेल्या किल्ल्या पुन्हा घडवणे. धंद्याची जागा: जिन्याखालची खोली, रुंदी एका माणसाची, तोही अंग चोरून बसला तर. ओळखीची खूण: उजव्या अंगठ्याच्या नखाखाली पितळेच्या किसाची पिवळी रेघ, धुऊन न जाणारी. वैवाहिक स्थिती: विवाहित, बायकोच्या मते, नावापुरता. गुन्हेगारी पार्श्वभूमी: पोलिसांच्या दप्तरी निरंक, एका बड्या कंपनीच्या दप्तरी 'धोकादायक, खातं कायमचं बंद'. संगणक प्रणाली: लिनक्स. शत्रू: दोन, पहिला ती कंपनी, दुसरा सख्खा साडू. ताब्यातील यंत्रं: किल्ल्या कापायचं मशीन, आणि साडूने वापरून सोडलेला एक लॅपटॉप. सदर इसमाच्या स्वतःच्या दुकानाचं कुलूप बिघडलेलं असून दाराला तार गुंडाळलेली आहे.

गल्लीत त्याला किल्लीवाला म्हणतात. त्याच्या बापालाही किल्लीवालाच म्हणत, त्यामुळे बाप गेला तेव्हा पाटी बदलावी लागली नाही.

बाप आपल्या कामात पक्का होता आणि बाकी सगळ्यात आडमुठा. कुलपाला कान लावून बसायचा. मध्ये कुणी बोललं की म्हणायचा, "गप. ते बोलतंय." शिकवणं हा त्याचा प्रांत नव्हता. 'बघ' एवढाच त्याचा अभ्यासक्रम, आणि नापास झाल्यावर 'बघितलं नाहीस' एवढाच निकाल. म्हणून शेवटी शेवटी, बापाची बोटं थरथरायला लागली तेव्हा, मुलाने फोन टेबलावरच्या शिकंज्यात अडकवला आणि चित्रण करायला सुरुवात केली. बापाचे हात, बापाचा खोकला, कुलपांना आणि मुलाला मिळून दिलेल्या शिव्या. प्रत्येक जातीचं कुलूप एकदा उघडून झालं. त्यांतल्या एका व्हिडिओत मुलगा कुलूप उघडतो आणि बाप बाजूला बसून बघतो. कुलूप उघडतं. बाप नाक शिंकरतो आणि म्हणतो, "हां. आता जमतंय तुला."

बापाने त्याची आयुष्यात केलेली ही एकुलती एक स्तुती. नाक शिंकरण्यासकट.

हे सगळं कंपनीच्या इंटरनेटवरच्या कपाटात ठेवायचा सल्ला साडूने दिला. साडू म्हणजे मेहुणीचा नवरा, विमा कचेरीच्या संगणक विभागाचा साहेब. कंपनीची सगळी प्रमाणपत्रं त्याने दिवाणखान्यात चौकटीत लावली होती. त्याच भिंतीवर सासऱ्यांचा फोटो होता, पण जरा खाली. "साडूभाऊ, फोनचा काय भरवसा? आज आहे, उद्या गटारात. इथे ठेवा. आगीत जळत नाही, पाण्यात भिजत नाही." किल्लीवाल्याने ठेवलं. साडूला दाखवावं म्हणून ते त्याच्याशीही जोडून दिलं. मग एकदा फोनने विचारलं, 'जागा मोकळी करू का?' त्यालाही तो हो म्हणाला, आणि फोनमधल्या मूळ प्रती गेल्या. माणूस एकदा विश्वासाला लागला की कुठेही अंगठा उठवतो.

बाप गेला. आणि दुःखातून डोकं वर काढतो न काढतो, तोच कंपनीने खातं बंद केलं.

कंपनीच्या यंत्राने काय पाहिलं असेल, ते पाहा: लोकांच्या घरांच्या दारांचे फोटो, प्रत्येकाखाली पत्ता. किल्ल्यांचे फोटो, अगदी दात मोजता येतील इतक्या जवळून. आणि एक म्हातारा, जो सांगतोय, "हे असं सरकवायचं. मालकाला पत्तासुद्धा लागत नाही." गिऱ्हाइकाचं दार लक्षात राहावं म्हणून फोटो काढणं ही किल्लीवाल्यांची साधी सवय, पण यंत्राला ती घरफोड्यांच्या टोळीची तयारी वाटली. चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण त्या यंत्राला कुणी शिकवली नसावी. कृती मात्र शिकवली होती.

त्याने अर्ज केला. उत्तर आलं: 'आपलं म्हणणं आम्ही काळजीपूर्वक तपासलं. निर्णय कायम आहे.' काळजीपूर्वक तपासायला कंपनीला नाक शिंकरण्याइतकाही वेळ लागला नव्हता. पुन्हा अर्ज केला. पुन्हा तेच, स्वल्पविरामासकट.

तरी माणूस हे गिळून बसला असता. कंपनी म्हणजे हवामान. शिव्या घालायच्या आणि छत्री घ्यायची. पण त्या आठवड्यात साडूकडे जेवण होतं. सासूबाई तिथेच राहायच्या. सगळ्यांच्या देखत त्याने आपली कर्मकथा सांगितली आणि साडूने हात पुसत पुसत म्हटलं, "हे बघा साडूभाऊ, राग मानू नका. पण काहीतरी केल्याशिवाय कंपनी असं करत नाही."

मेहुणीने नवऱ्याला डोळ्यांनी दटावलं. साडूचा चेहरा जरा उतरला, पण शब्द गेला तो गेला. किल्लीवाला ताटावरून उठला नाही, तो सगळं जेवला, चवीने जेवला, आणि घरी येताना बायकोला म्हणाला, "बघतो मी त्याच्याकडे."

"कुणाकडे? कंपनीकडे की भावोजींकडे?"

"रांग लावलीय."

त्यानंतर थोड्याच दिवसांत मेहुणी दुकानात आली. हातात साडूचा वापरलेला लॅपटॉप. "ह्यांनी पाठवलाय, भावोजी. तुम्हाला उपयोगी पडेल म्हणाले. आत बघा एकदा म्हणाले."

"काय बघू?"

"मला काय कळतंय त्यातलं? बघा म्हणाले, मी सांगितलं."

ती गेल्यावर त्याने लॅपटॉप हातात घेऊन तोलला. आधी थोबाडीत मारायची आणि मग उतरलेला सदरा द्यायचा, ही बड्या लोकांची रीतच. तो परत पाठवणार होता, पण शेजारच्या कवळीवाल्याने अडवलं.

कवळीवाला दातांच्या कवळ्या बनवायचा. त्याच्या दुकानात फळीवर शहरातली अर्धी तोंडं वाळत पडलेली असायची. कवळीवाल्याच्या संगणकावर कित्येक वर्षांपासून लिनक्स होतं. का, असं विचारलं तर तो सांगायचा, "तत्त्व वगैरे मागाहून येतं. आधी ते फुकट असतं."

पण किल्लीवाल्याला तत्त्वच आधी पटलं. कवळीवाल्याने सांगितलं की या प्रणालीचं पोट उघडं असतं. आत काय कसं फिरतं ते कुणीही बघावं. किल्लीवाल्याला बाप आठवला. बाप म्हणायचा, "ज्या कुलपाची रचना लपवावी लागते ते कुलूप नव्हे, तो दाराला लावलेला दागिना. चांगलं कुलूप उघडून दाखवावं, आणि वर म्हणावं, आता उघड." म्हणजे बाप लिनक्सवाला होता, फक्त त्याला कुणी कळवलं नव्हतं.

"घाल," किल्लीवाला म्हणाला. "त्याच्याच लॅपटॉपवर घाल. कंपनीला तिच्याच घरात गाडू."

"आधी आत काय आहे ते बघून घे," कवळीवाला म्हणाला. "लोक काय काय ठेवून देतात."

"साडूची पापं असतील. मला नाही बघायची."

"अरे, बघ तरी एकदा."

"नाही म्हटलं ना!"

पडद्यावर प्रश्न आला: संपूर्ण डिस्क पुसायची आहे का? ही क्रिया मागे घेता येणार नाही. किल्लीवाल्याने तो प्रश्न दोनदा वाचला. न कळल्यामुळे नव्हे, गोड लागल्यामुळे. कंपनीनेही त्याला अगदी हेच म्हटलं होतं, फक्त प्रश्नचिन्ह नव्हतं. मग त्याने कवळीवाल्याला विचारलं, "नुसतं पुसलं की वास राहतो का रे?"

"खणून काढणारे काढतात. अगदीच नको असेल तर सगळ्या डिस्कवर शून्यं लिहायची. मग देवाचा बापही काढू शकत नाही."

"लिही शून्यं."

"फार वेळ लागतो त्याला."

"घाई चोराला असते," किल्लीवाला म्हणाला. हेही बापाचंच वाक्य. तो स्टूल ओढून समोर बसला आणि पडद्यावरचा पट्टा सरकताना पाहत राहिला, पिकाकडे पाहावं तसा. एकदा संपल्यावर म्हणाला, "अजून एकदा लिही."

मग सूडाला धार आली. ज्याची किल्ली हरवली त्याला नवी किल्ली मिळायची आणि जोडीला व्याख्यान. "दाराचं कुलूप बदलून देतो, पण तुमच्या पत्रांची किल्ली कुणाकडे आहे?" गिऱ्हाईक खिसे चाचपायचं. पण अडकलेलं गिऱ्हाईक ऐकून घेतंच. नाक दाबलं की तोंड उघडतं, कानही उघडतात. शिवणकामवालीची मापं त्याने कंपनीच्या तक्त्यांतून काढून लिब्रेऑफिसच्या फुकट तक्त्यांत नेली. न्हाव्याला नवा ब्राउझर दिला, पियानो शिकवणाऱ्या बाईंना नवी टपाल सेवा. प्रत्येक माणूस सुटला की तो कंपनीचा एक दात पडल्याच्या आनंदात कवळीवाल्याला हाक मारायचा, "अजून एक उपटला!"

"कंपनीला कळलं का पण?"

"कळेल."

सगळंच सरळ झालं असं नाही. घरचे फोटो, पत्ते, हिशेब ठेवायला त्याने स्वतःचा छोटा सर्व्हर उभा केला आणि तो दुकानात, किल्ल्या कापायच्या मशीनच्या बरोबर वरच्या फळीवर ठेवला. पितळेचा कीस पोटात जाऊन सर्व्हरने धूर सोडला. दुसरा सर्व्हर घरी, बायकोच्या कपाटात गेला. "आधी नवरा होता," बायको बहिणीला फोनवर सांगायची, "आता चळवळ आहे. माझ्या साड्यांत गरम होऊन बसलीय."

पण कंपनी हवामानासारखी. तिच्यावर उगारलेली काठी कुठेच लागत नाही, हात मात्र दुखतो. साडूला पाठ होती.

कंपनीची एक खोड किल्लीवाल्याने हेरून ठेवली होती: ती ज्याला वाळीत टाकते त्याच्या शेजारी बसणाऱ्यालाही सोडत नाही. बंद खात्याच्या फोनवरून दुसरं कुणी आत शिरलं, तर त्याच्यावरही तिचा डोळा राहतो. कवळीवाल्याने हे कुठेतरी वाचून सहज सांगितलं होतं. किल्लीवाल्याने ते सहज ऐकलं नव्हतं.

सासूबाईंना बघायला म्हणून तो साडूकडे गेला. चहा झाला. मग त्याने आपला जुना फोन पुढे केला आणि आवाजात शक्य तेवढा मध ओतला. "साडूभाऊ, तुमचं तिथे वजन आहे. तुमच्या खात्यातून एकदा माझ्यासाठी अर्ज करून बघता का? माझ्याच फोनवरून करा, म्हणजे त्यांना माझीही सगळी ओळख पटेल."

असल्या गोष्टी कोळून प्यायलेल्या माणसाने सावध व्हायला हवं होतं. पण साडू लगेच हो म्हणाला. इतका लगेच, की किल्लीवाल्याला जरा नवलच वाटलं. अर्ज लिहिता लिहिता साडू पुटपुटला, "आता तसं खातं नाही मिळालं तरी तुमचं काही अडत नाही म्हणा."

हा टोमणाही किल्लीवाल्याने जपून ठेवला. घरी येऊन तो वाट बघत बसला. कुलूप बोलायला लागेपर्यंत कान लावून बसायचं, हे त्याच्या रक्तात होतं.

कुलूप बोललं ते एका भर दुपारी. फोनवर मेहुणी. "भावोजी, लवकर या हो. दार उघडत नाहीये, आम्ही सगळे बाहेर, आईसुद्धा!"

साडूच्या दाराला कंपनीचंच कुलूप होतं. फोनने उघडायचं, बोटानेही उघडायचं. पण बोट कुणाचं हे आधी कंपनीला विचारून. किल्लीवाला पोचला तेव्हा साडू कुलपाच्या काचेवर अंगठा घासत होता, तिकिटाला थुंकी लावावी तसा. सासूबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या.

"खातं बंद केलंय," साडू म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "म्हणे, संशयित खात्याशी संबंध. कुठलं संशयित खातं?"

"असेल कुणीतरी," किल्लीवाला म्हणाला आणि पिशवी खाली ठेवली. "माणसाने संगत बघून धरावी."

मग त्यानेच विचारलं, "या कुलपाला साधी किल्लीपण आहे ना?"

"आहे," साडू म्हणाला. "तिथे खाली टोपणाच्या आत भोक आहे."

"मग किल्ली?"

साडू खाली बघून म्हणाला, "आत. खणात. वेष्टनही फोडलं नाहीये."

किल्लीवाल्याने हाताची घडी घातली. हे वाक्य तो कित्येक महिने घासून ठेवत होता. "आपलं म्हणणं आम्हाला मिळालं आहे."

"काय?"

"हे घर आपलंच आहे, याची खात्री आम्हाला पटवता आली नाही."

"अहो, काय बोलताय? तुम्ही इथे जेवलाय!"

"जेवणाऱ्याची साक्ष चालत नाही."

"दारावर माझं नाव आहे!"

"नाव कुणीही लावतं. आपलं म्हणणं आम्ही काळजीपूर्वक तपासलं." तो थांबला, नाक शिंकरण्याइतका. "निर्णय कायम आहे."

"भावोजी, चेष्टा पुरे हो," मेहुणी म्हणाली.

"चेष्टा नाही, धोरण आहे. अर्ज पुन्हा करता येईल. उत्तर तेच येईल."

सासूबाईंनी मान वर केली. "जावईबापू, तुमचं दोघांचं काय व्हायचं ते होऊ दे. पण मला आत जायचंय, आणि माझ्या वयात ते फार लांबवता येत नाही."

"सासूबाई, तुमच्याबद्दल आमच्याकडे तक्रार नाही. तक्रार यांच्याबद्दल आहे." मग तो साडूच्या अगदी जवळ गेला आणि ठेवणीतलं शेवटचं वाक्य काढलं, सावकाश, एकेक शब्द वेगळा. "राग मानू नका, साडूभाऊ. पण काहीतरी केल्याशिवाय कुलूप असं करत नाही."

साडूला आता कळलं. जेवणाचं ताट आठवलं, तो फोन आठवला, मधाळ आवाज आठवला. त्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "तुम्ही केलंत हे. मुद्दाम!"

"मी फक्त फोन पुढे केला. अंगठा तुमचा."

"चुकलो होतो मी तेव्हा!" साडू ओरडला, आणि जिन्यात वरच्या मजल्यावर कुणाचं तरी दार किलकिलं झालं. "जीभ घसरली. रात्रभर झोप नाही आली मला. माफी मागता येत नाही, येतच नाही मला, हिला विचारा. म्हणून तर लॅपटॉप पाठवला!"

"तुमचा उतरलेला लॅपटॉप मला..."

"उतरलेला? नवा होता जवळजवळ! तुम्ही व्हिडिओ मला जोडून दिले होते, आठवतं? त्या लॅपटॉपमध्ये आपोआप उतरले होते. तुमचं खातं गेलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. इंटरनेटची वायर काढली तशीच, नाहीतर तिथूनही उडाले असते. तसाच बंद करून पाठवला तुमच्याकडे. आत बघा म्हणून सांगितलं. तुमच्या वडिलांचे सगळे व्हिडिओ, एकूणएक! एका शब्दाने आभार नाहीत तुमचे, आणि वर हे!"

मेहुणी म्हणाली, "मी निरोप दिला होता, भावोजी. जसाच्या तसा."

पडद्यावरचा तो पट्टा किल्लीवाल्याच्या डोळ्यांपुढे सरकला, डावीकडून उजवीकडे. मग पुन्हा एकदा, त्याच्याच सांगण्यावरून.

तो दारापुढे गुडघ्यांवर बसला. टोपण काढलं. तारेचे दोन आकडे आत सारले आणि दाराला कान लावला.

"पाहिलेत ना ते?" साडू मागून म्हणाला. त्याचा राग ओसरत होता. "त्यातला तो शेवटचा... तुम्हाला म्हणतात तो. मीपण पाहिला एकदा. डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

"गप," किल्लीवाला म्हणाला.

बोटं आपल्या आपण चालत होती. थोडं मागे, थोडं वर, तिसऱ्या खिळीला जरा माया लावायची, ओढायचं नाही. हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं. बघून आलं होतं. खट् झालं. दार उघडलं. सासूबाई कुणाकडेही न बघता आत गेल्या.

तो उठला, गुडघे झटकले आणि मागे वळून पाहिलं. बाजूला बसून बघणारं कुणी नव्हतं.

"पाहिलेत ना?" साडूने पुन्हा विचारलं.

"पाहिले," तो म्हणाला.

"मग म्हणजे... आपलं फिटलं?"

"फिटलं."

मेहुणीने चहाला थांबा म्हटलं. तो थांबला नाही. जिना उतरताना त्याने मनात रांग पुन्हा लावून पाहिली. साडूचं नाव खोडलं गेलं होतं. कंपनीचं होतं तिथेच होतं, तिला अजून काही कळलं नव्हतं. आणि साडूच्या रिकाम्या जागेवर तो स्वतःच येऊन उभा राहिला; त्याच्या खात्यातून अर्ज करायची सोय नव्हती.

दुकानापाशी कवळीवाल्याने विचारलं, "काय, उगवला का सूड?"

"हो."

"मग तोंड का असं?"

किल्लीवाल्याने दाराची तार सोडवली, आत जाऊन बसला आणि लॅपटॉप उघडला. तो झटकन चालू झाला.

बाकी, नोंदीसाठी: सदर इसम अद्याप लिनक्स वापरतो. त्याची कंपनीबाबतची मतं कायम आहेत. साडूच्या दाराला त्याने साधं पितळी कुलूप बसवून दिलं असून त्याच्या किल्ल्या आता खणात नव्हे, सासूबाईंच्या पर्समध्ये असतात. नव्या गिऱ्हाइकाच्या संगणकावर लिनक्स घालण्यापूर्वी सदर इसम आतली एकेक फाइल स्वतः उघडून पाहतो. त्यामुळे कामाला फार वेळ लागतो आणि लोक कुरकुरतात. लॅपटॉप उत्तम चालतो. त्यात भरपूर जागा मोकळी आहे.